वारसा आणि मजुरी : करवतकाठीच्या निमित्ताने



महाराष्ट्र सरकारने २०२३ ते २०२८ या काळासाठी जे वस्त्रोद्योग धोरण आखले, त्यात पाच कापडांना पारंपरिक वस्त्रे म्हणून वेगळी जागा दिली आहे : पैठणी, हिमरू, करवतकाठी, खण आणि घोंगडी. ही वस्त्रे विणणाऱ्या नोंदणीकृत विणकरांना गणेशचतुर्थीच्या निमित्ताने वर्षातून एकदा उत्सव भत्ता द्यावा, पुरुषाला १० हजार आणि स्त्रीला १५ हजार रुपये, अशीही तरतूद त्यात आहे. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे या पाचांतले जे कापड खास आपल्या विदर्भाचे, त्याचे नाव सरकारदरबारी नीट नोंदलेले आहे. आपल्या संत्र्याचेही ते तसेच नोंदलेले आहे; त्या नोंदीने बागायतदाराच्या पदरात किती पडले, हे काटोल-नरखेडकडच्या मंडळींना विचारून घ्यावे. मला आज बोलायचे आहे ते नोंद आणि जगणे यांच्यामधल्या अंतराबद्दल. माझे म्हणणे असे की, करवतकाठीसारख्या वस्त्राच्या बाबतीत वारशाचा प्रश्न हा मुळात मजुरीचा प्रश्न आहे. विणकर मागावर बसतो त्या दिवसाचे त्याला काय मिळते, यावर ते कापड पुढच्या पिढीत जाईल की नाही हे ठरते. नाव, प्रदर्शन, पुरस्कार, भत्ता यांपैकी काहीही त्या दिवसाच्या दरापर्यंत पोचले नाही, तर आपण जपतो ती फक्त आठवण.

आधी कापड कसे होते ते पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्या विणीत आहे. करवतकाठीचे अंग टसरचे असते. विदर्भात आपण त्याला कोसा म्हणतो. हा रंग न देताही मधासारखा दिसणारा, किंचित खरखरीत, वजनाला हलका रेशमी धागा. काठ गडद रंगाचा, आणि काठ जिथे अंगाला भेटतो तिथे करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची रांग. हे दाते वरून छापलेले नसतात, भरतकामाचेही नसतात. साडी विणताना तीन धोटे चालतात : दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा आडवा धागा काठापुरताच जातो, अंगाचा अंगापुरता, आणि दर फेरीला दोघे सीमेवर एकमेकांत अडकवले जातात. म्हणून काठात उभा-आडवा दोन्ही धागे काठाच्याच रंगाचे असतात आणि काठाचा रंग निखळ उठतो. साध्या यंत्रमागावर धोटा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका धावेत जातो. अंगात जो आडवा धागा, तोच काठात येतो आणि काठाच्या रंगात अंगाचा रंग मिसळतो. नक्कल ओळखायची असेल तर दात्यांकडे पाहू नका. दाते कोणीही छापील. काठाचा रंग पाहा. तो निखळ असेल, तर दर फेरीला कोणाचा तरी हात तिथे थांबलेला आहे.

हा हात थांबण्याचा वेळ म्हणजेच या कापडाची किंमत, आणि तोच त्याचा वारसाही. युनेस्कोच्या २००३ सालच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीच्या कराराने नेमकी हीच गोष्ट मांडली. भारत २००५ साली त्यात सामील झाला. या करारात वारसा म्हणजे वस्तू नव्हे. वस्तू करण्याचे ज्ञान, कौशल्य, प्रथा, आणि ज्या समूहाला ते आपले वाटते तो समूह. अजब बंगल्याच्या, म्हणजे आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या काचेआड एखादी साडी शंभर वर्षे धडधाकट राहू शकते आणि ती विणणारा शेवटचा माणूस त्याच काळात मरू शकतो. या करारापूर्वीचा वारसाविचार साडी टिकली यावर समाधान मानत होता.

याच करारान्वये जगाच्या यादीत गेलेले एक आफ्रिकी वस्त्र आपल्या विचाराला उपयोगी पडेल. दक्षिण युगांडातले बगांडा लोक मुतुबा नावाच्या झाडाच्या सालीपासून कापड करतात. हे झाड वडा-उंबरांच्या कुळातले. पावसाळ्यात साल काढतात, ती लाकडी हातोड्यांनी तासन्‌तास ठोकत ठोकत पातळ आणि मऊ करतात, आणि तिला मातकट तांबूस रंग येतो. साल पुन्हा वाढते, म्हणून एकच झाड वर्षानुवर्षे कापड देत राहते. नगोंगे कुळाकडे हे काम वंशपरंपरेने आहे आणि त्यांच्या वंशपरंपरागत प्रमुखाला कबोग्गोझा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अरब व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर सुती कापड आले आणि रोजच्या वापरातून सालीचे कापड हटत गेले. उरले ते राज्याभिषेक, अंत्यविधी, देवाधर्माचे प्रसंग एवढ्यापुरते. २००५ साली युनेस्कोने या सालीच्या कापडाला मानवतेच्या वारशाचा उत्तम नमुना म्हणून घोषित केले आणि २००८ साली ते प्रातिनिधिक यादीत गेले. त्यानंतरच्या कामात दोन गोष्टींवर भर होता : मुतुबाची झाडे लावणे आणि तरुणांना कारागिरांच्या हाताखाली शिकवणे. इथे मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांनी सुरुवात झाडापासून केली. कापडाच्या आधी कच्चा माल, आणि कच्च्या मालाच्या आधी तो देणारी जमीन.

आपण करवतकाठीबद्दल बोलताना झाड विसरतो. कोसा बागेत होत नाही. टसरचा किडा ऐन आणि अर्जुन या जंगली झाडांच्या पानांवर वाढतो. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, आरमोरीच्या परिसरात, प्रामुख्याने ढिवर समाजाची कुटुंबे हे काम करतात. अळ्या झाडावर सोडायच्या, पान संपले की दुसऱ्या झाडावर न्यायच्या, मुंग्या आणि पाखरे यांच्यापासून दिवसभर राखण करायची, आणि मग कोष तोडायचे. एक जोराचा अवकाळी पाऊस किंवा अळ्यांवरचा एक रोग साऱ्या हंगामाचे पाणी करतो. तुतीच्या रेशमाप्रमाणे हा किडा घरात, ट्रेमध्ये वाढवून जमत नाही. म्हणून ज्याच्या हाती जंगल, त्याच्या हाती करवतकाठीचा पहिला धागा. जंगल मात्र सव्वाशे वर्षे वनखात्याच्या हाती होते, आणि ऐन हे त्या खात्याच्या लेखी इमारती लाकडाचे झाड. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची जी व्याख्या केली, तिच्यात बांबू, मध, लाख, तेंदूपाने यांच्या बरोबरीने टसर आणि कोष हे शब्द चक्क लिहिलेले आहेत. २००९ साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी. करवतकाठीच्या रक्षणाचा सगळ्यात भक्कम कायदा माझ्या मते हा आहे, आणि त्यात साडीचा उल्लेखही नाही. मानांकन काठ जपते. झाडावर हक्क देणारा कायदा अंग जपतो. आता यातली नोकरशाहीची गंमत पाहा. राज्याचे रेशीम संचालनालय नागपुरात, वस्त्रोद्योगाचे मुख्य कार्यालय नागपुरात, १९७१ साली स्थापन झालेले हातमाग महामंडळही नागपुरात. तरीही कोषाचा भाव आणि साडीची मजुरी एकाच टेबलावर मांडून कोणी ठरवीत नाही.

आता पहिला आक्षेप. जे लोक नेसत नाहीत ते कापड मरणारच. काळाच्या ओघाला अडवण्यात काय हशील? नऊवारी लुगडे गेले, त्याच्या पाठोपाठ त्याचे मागही गेले, यात शोक कसला? हा आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो, पण त्यातला काळाचा ओघ नैसर्गिक नव्हता. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांच्यापुढचे चित्र स्पष्ट होते : या मुलखाचा कापूस लँकेशायरकडे जावा आणि लँकेशायरचे कापड या मुलखात यावे, आणि मागावरून उठलेला विणकर शेतात कापूस पिकवायला जावा. हातमाग मोडणे हे धोरण होते. आणि तरीही तो पुरता मोडला नाही. मध्य प्रांतातल्या हातमाग विणकरांचा अभ्यास करणारे इतिहासकार पीटर हार्नेटी यांनी १९९१ सालच्या निबंधात दाखवले आहे की, हातसुताचे काम मोडले पण विणकाम गिरणीचे सूत वापरून तग धरून राहिले. पुढे १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथेच सुरू झाली. ती हातमागाला गिळणार असे मानले गेले असेल. ती २००२ साली बंद पडली आणि गांधीसागराजवळच्या तिच्या जागेवर आज मॉल आहे. गिरणी गेली आणि माग, थोडे का होईना, उरले. तेव्हा काळाचा ओघ या शब्दाने कोणाचे मरण ठरवायचे असेल, तर ओघाने नेमके काय वाहून नेले ते आधी मोजावे. हातमाग टिकला तो भावनेने टिकला नाही. यंत्राला न जमणारी वीण आणि लग्नकार्य, पूजाअर्चा यांच्यासाठी तिला असलेली मागणी यांच्या जोरावर टिकला. कोसा सोवळ्याला चालतो, हीसुद्धा एक मागणीच होती.

दुसरा दावा असा की, सरकारने बरेच केले. केले, हे खरे. पण कशाचे केले ते पाहावे. १९७६ साली केंद्र सरकारने जनता कापड योजना आणली. हातमागावर स्वस्त धोतर-साड्या विणायच्या, अनुदान द्यायचे, गरिबांना कापड आणि विणकराला काम. विदर्भातल्या मागांवरही हे कापड निघाले. हेतू चांगलाच होता. पण या योजनेत माग चालत राहिला आणि विणकराचे कौशल्य बसून गेले. ठरलेल्या मापाचे, साध्या विणीचे कापड वारवर काढायचे म्हटल्यावर काठाची गुंतवण, ताण्याची बारीक मोजणी, रंगांची जोडणी या गोष्टींचे काम उरले नाही. बाप ज्या विणीत पारंगत होता ती मुलाने शिकण्याचे कारणच उरले नाही. नव्वदच्या दशकात योजना गुंडाळली गेली तेव्हा विणकराकडे ना अनुदान राहिले, ना यंत्राला न जमणारे हुनर. याच्या उलट बाजूचा प्रयत्न म्हणजे १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा. काही प्रकारचे कापड फक्त हातमागावरच व्हावे असे त्यात ठरले. सुरुवातीला असे २२ प्रकार होते, ते पुढे ११ वर आले. या कायद्याची अंमलबजावणी किती झाली हे इथल्या गांधीबागेतल्या कोणत्याही कापडदुकानात उभे राहिले की कळते. एका योजनेने माग जपला, एका कायद्याने वस्तूची यादी जपली, मानांकन नाव जपते आणि भत्ता सण साजरा करून देतो. या चौघांच्या मधल्या फटीतून नेमके जे निसटते ते म्हणजे अवघड विणीचा एक दिवस, पुरेशा मोबदल्यानिशी.

या फटीचे माप आपल्याला आकड्यांत मिळते. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत, म्हणजे २०१९-२० मध्ये, देशात विणकर आणि पूरक कामगार मिळून ३५ लाख २२ हजार माणसे होती. आधीच्या गणनेत, २००९-१० मध्ये, ती ४३ लाखांवर होती. आणि चौथ्या गणनेतल्या सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न ५ हजार रुपयांच्या आत होते. कुटुंबाचे उत्पन्न, एका माणसाचे नव्हे. ताणा लावणारी, कांड्या भरणारी, रंगवणारी, विणणारी अशी दोन-तीन माणसे त्या आकड्यात आहेत. वर्षाला दहा-पंधरा हजारांचा भत्ता या कुटुंबाला नकोसा होणार नाही. पण महिन्याला पाच हजारांत ज्या घराला अवघड काम परवडत नाही, त्या घरातला मुलगा भत्त्यासाठी माग शिकणार नाही. तो हिंगणा-बुटीबोरीला कारखान्यात जाईल, किंवा दुचाकीवर जेवणाचे डबे पोचवील, आणि तो हिशेब बरोबरच आहे. मजुरी तुकड्यावर ठरते, सूत व्यापाऱ्याचे, साडी व्यापाऱ्याची, आणि तुकड्याचा दर असा की त्यात अवघड वीण आणि सोपी वीण यांच्या वेळेतला फरक पुरता उतरत नाही. मग विणकर सोपी वीण निवडतो. परंपरा अशीच संपते.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे, आणि नागपुरात तर तो टाळताच येणार नाही. वंशपरंपरागत धंदा जपणे म्हणजे माणसाला त्याच्या जातीच्या धंद्याला बांधणे नव्हे काय? बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात सांगितले की, जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे; माणसाला त्याच्या आवडीने आणि कुवतीने काम निवडू न देणारी व्यवस्था आहे. दीक्षाभूमीच्या शहरात उभे राहून कोष्टी, हलबा कोष्टी, मोमीन, ढिवर यांनी आपापले काम पिढ्यान्‌पिढ्या करत राहावे असे म्हणणे म्हणजे या विचाराकडे पाठ फिरवणे आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विदर्भात जाडेभरडे सुती कापड विणणारा मोठा समाज महार होता. ते कापड गरिबांचे होते, रोजचे होते, आणि गिरणीच्या कापडापुढे सगळ्यात आधी तेच कोसळले. त्यासाठी ना कोणी प्रदर्शन भरवले, ना मानांकन मागितले. त्या विणकरांतले अनेक जण एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांत गेले, तिथे पगार मिळाला, मुले शिकली, चळवळ उभी राहिली. त्यांच्या दृष्टीने मागावरून उठणे ही मुक्ती होती. करवतकाठीसाठी हळहळणाऱ्या माणसाने आधी या इतिहासाला उत्तर दिले पाहिजे.

माझे उत्तर असे आहे. वंशपरंपरा आणि परंपरा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या करणे शक्य आहे. काम जातीत कोंडले गेले कारण शिकण्याचा खर्च घराने सोसला. बापाने मुलाला फुकट शिकवले आणि मुलाने फुकट राबत शिकून घेतले. बाहेरच्या मुलाला किंवा मुलीला शिकायचे तर त्या काळातले तिचे पोट कोणी भरायचे? हा खर्च समाजाने उचलला तर माग जातीबाहेर जाऊ शकतो. ज्याला विणायचे आहे तो विणील, ज्याला नाही तो सुटेल. म्हणून मजुरीचा मुद्दा हा जातीच्या मुद्द्यावरचा उताराही आहे. चांगला दर असेल तर माणूस काम निवडतो. वाईट दर असेल तर तो कामात अडकतो किंवा त्यातून पळतो. हलबा-कोष्टी हे अनुसूचित जमातीतल्या हलबांत मोडत नाहीत असा निर्णय २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि गेली कित्येक वर्षे या समाजाची सारी शक्ती जमातीच्या प्रमाणपत्राच्या लढ्यात गेली. त्या वादात मला पडायचे नाही. पण माग हा ज्या समाजाच्या जगण्याचा आधार होता, त्याचा लढा मागाच्या दरासाठी न होता सरकारी नोकरीच्या दारासाठी व्हावा, यात मागाबद्दलचा त्यांचा स्वतःचा अंदाज स्पष्ट दिसतो. तो अंदाज चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. विणकरांनी स्वतः केलेला तो हिशेब आहे, आणि वारशाची भाषा करणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा.

मग जपायचे काय आणि बदलू द्यायचे काय? सगळेच जपायचे म्हटले तर परंपरेबरोबर तिच्यातला त्रासही जपला जाईल. टसरच्या धाग्याची देशभरची कहाणी इथे उपयोगी आहे. टसर-पट्ट्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या उघड्या मांडीवर कोषाचे तंतू घासून धागा काढत आल्या. कातडी सोलवटायची, बसून बसून कंबर जायची, आणि मजुरी नावापुरती. केंद्रीय रेशीम मंडळाने गेल्या दशकात ‘बुनियाद’ नावाचे साधे यंत्र देऊन मांडीवरची ही पद्धत बंद करण्याचे धोरण घेतले. त्यावर मांडीवरच्या धाग्याचा पोतच वेगळा, अशी तक्रार काही जाणकारांकडून होते. पोत वेगळा असेलही. पण दुसऱ्याच्या मांडीवरच्या जखमेतून मिळणारा पोत हा वारसा म्हणून मिरवण्याचा मला अधिकार वाटत नाही. मी इथे एक कसोटी सुचवतो. कामात जिथे माणसाची बुद्धी आणि निवड आहे, ते जपावे; जिथे केवळ शरीर झिजते, ते यंत्राला खुशाल द्यावे. करवतकाठीत काठ आणि अंग यांच्या सीमेवर दर फेरीला निर्णय आहे : धागा किती ओढायचा, दाता कुठे वळवायचा, टसरच्या असमान जाडीला कसे सांभाळायचे. ते हाताने व्हावे. कांड्या भरणे, ताणा गुंडाळणे, धागा काढणे यांना वीज लागली तर परंपरेचे काही बिघडत नाही. खड्डामागावर पाय लोंबवून बसण्याऐवजी विणकर चौकटीच्या मागावर नीट बसला तरी बिघडत नाही. जे लोक खड्डामागाच्या फोटोसाठी हळहळतात, त्यांनी पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाय ठेवून एक दुपार काढावी.

आता पैशाचा प्रश्न, आणि चौथा आक्षेप. मजुरी वाढवली तर साडी महाग होईल. महाग झाली तर विकणार नाही. विकली नाही तर उरलेलेही काम जाईल. हा युक्तिवाद नवा नाही. तो आपल्यापासून काही कोसांवर, वर्ध्यात, १९३५ साली झालेला आहे. गांधीजी तेव्हा मगनवाडीत राहत होते. चरखा संघ सूत कातणाऱ्या बायकांना जी मजुरी देत होता ती इतकी तुटपुंजी होती की, खादीचा सारा नैतिक डोलारा तिच्यावर उभा आहे याची त्यांना लाज वाटू लागली. कातणारीला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळावेत असा आदर्श त्यांनी पुढे ठेवला. खादी महागेल, विक्री पडेल, असे व्यवहारी कार्यकर्त्यांनी सांगितले. अखेर संघाने आठ आण्यांपेक्षा पुष्कळ खालचा, पण आधीपेक्षा वरचा किमान जीवनवेतनाचा दर स्वीकारला. आदर्श पुरता गाठला नाही. पण एक तत्त्व तिथे प्रस्थापित झाले की, कापडाच्या किमतीपासून मागे हिशेब करत मजुरी ठरवायची नाही, मजुरीपासून पुढे हिशेब करत किंमत ठरवायची. खादीचे पुढे काय झाले, ती सरकारी सवलतीची कशी झाली, हा वेगळा आणि कमी आनंदाचा इतिहास आहे. तत्त्व मात्र खोटे ठरले नाही.

आणि महाग कापड विकत नाही हेही खरे नाही. पैठणी करवतकाठीपेक्षा किती तरी महाग आहे आणि येवल्यात तिचे माग आजही चालतात. तिला मानांकन मिळण्याच्या कितीतरी आधीपासून, २००४ पासून, एक दूरचित्रवाणी कार्यक्रम घरोघरी जाऊन खेळ जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी देत राहिला. त्याने जे केले ते कोणत्याही धोरणाला जमले नाही : पैठणी ही प्रत्येक मराठी बाईला मिळावीशी वाटणारी वस्तू झाली. अर्थात त्याच लाटेवर यंत्रमागावरच्या नकली पैठण्यांचाही पूर आला, आणि मागणी एकटी कारागिराला वाचवत नाही हेही तिथेच दिसले. मागणीबरोबर ओळखण्याची नजर यावी लागते. पैठणीला ती नजर पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत मिळाली. करवतकाठीचा ग्राहक नागपूर, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूरचा आहे. त्याच्या घरी आजीच्या ट्रंकेत कोशाची साडी असते, पण नातीच्या लग्नाला खरेदी कांजीवरमची होते. ही तक्रार नातीबद्दल नाही. काठाचा निखळ रंग म्हणजे काय हे तिला कोणी दाखवलेले नाही, आणि दुकानदाराला ते दाखवण्यात फायदा नाही.

म्हणून जे करायचे ते या शहरात करण्यासारखे आहे. मानांकनाचा अर्थ दुकानापर्यंत पोचला पाहिजे : तीन धोट्यांच्या विणीची साडी कोणती आणि यंत्रमागाची कोणती हे बिलावर लिहिले गेले पाहिजे, आणि खोटे लिहिणाऱ्याला दंड झाला पाहिजे. भत्ता द्यायचाच असेल तर तो सणाला न देता शिकवण्याच्या महिन्यांना द्यावा : शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला, दोघांना, रोजाने, आणि शिकणारा कोणत्या घरातला हे न विचारता. सरकारने साडी विकत घ्यायची असेल तर तुकड्याच्या दरात काठाच्या विणीचे तास धरावेत. आणि जंगलाच्या टोकाला, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांशी ऐन-अर्जुनाच्या झाडांबद्दल आणि कोषांच्या भावाबद्दल थेट करार व्हावेत, म्हणजे कोष तोडणाऱ्याला हंगाम बुडाला तरी काही तरी मिळेल. युगांडानेही सुरुवात मुतुबाच्या झाडापासूनच केली. यासाठी नवे महामंडळ नको. जी कार्यालये आहेत ती एका शहरात आहेत आणि त्यांच्यामधले अंतर रिक्षाने जाण्याइतके आहे.

शेवटचा एक प्रश्न राहतो. या सगळ्यासाठी करदात्याने पैसे का द्यावेत, हे कापड ज्यांना हवे त्यांनीच ते विकत घ्यावे. याला मी असे म्हणेन की, सध्या हे पैसे कोणी देत नाही असे मुळीच नाही. ते विणकराचे घर देते, कमी मजुरीच्या रूपाने; ढिवराचे घर देते, बुडालेल्या हंगामाच्या रूपाने; आणि धागा काढणारी बाई देते, कंबरेच्या रूपाने. करवतकाठीचे अनुदान आजही चालू आहे. फक्त ते ज्यांच्याकडे सगळ्यात कमी आहे, ते देतात. ते कोणी द्यावे हा निर्णय घ्यायचा आहे, आणि तो घेणारी विधानसभा वर्षातून एकदा, हिवाळ्यात, याच शहरात भरते.